बाबांचा फोन मराठी केला, आता तिकिटाचं अ‍ॅप हिंदी बोलतंय आणि बँकेचं अ‍ॅप तारीखच घेत नाही

भांडुप_पश्चिम

नमस्कार मंडळी, लांबण लागणार आहे आधीच सांगतो, पण दोन दिवस डोकं पिकलंय त्यामुळे कोणीतरी वाचाच.

बाबा ७१ चे. बेस्टमधे कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. दिवाळीला त्यांना नवा फोन घेऊन दिला, अँड्रॉइड १४ आहे त्यात. इंग्रजी त्यांना अगदीच येत नाही असं नाही, पाट्या वाचतात, पण फोनवर काहीही आलं की हाक, "अरे हे काय म्हणतंय बघ जरा". अलाव करायचं का डिनाय, अपडेट आत्ता का नंतर, सगळं मला विचारून. मी ऐरोलीला कामाला, सकाळी साडेआठला निघतो तो रात्री आठला घरात, आणि दिवसाला चार फोन ह्यासाठीच. म्हणून गेल्या रविवारी बसलो आणि अख्खा फोन मराठी करून टाकला.

खूष झाले एकदम. घड्याळात मराठी आकडे आले ना ९:४० वगैरे, तर म्हणे हे बसच्या पाटीसारखं दिसतं, लांबून कळतं. एका बटणावर "पुढे सुरू ठेवा" असं होतं ते वाचून तर जे हसले, म्हणाले आम्ही जन्मभर नुसतं "पुढे चला" ओरडलो, एवढं लांब बोलत बसलो असतो तर तोपर्यंत स्टॉप गेला असता.

सोमवारपासून कटकट सुरू. एक म्हणजे त्यांचं तिकिटाचं अ‍ॅप जे आधी इंग्रजीत होतं ते हिंदी झालं. मराठी नाही, हिंदी! अ‍ॅपमधे शोधलं, भाषेचा पर्यायच नाही कुठे. बाबा तापले, "मी मराठी सांगितलं तर हा हिंदी कुठून बोलतो".

दुसरं म्हणजे बँकेचं अ‍ॅप, नाव नाही घेत. पेन्शन जमा झाली का बघायला बाबा दर महिन्याला स्टेटमेंट काढतात. कधीपासून कधीपर्यंत ती तारीख निवडायची असते, निवडली की खाली लाल अक्षरात "तारीख वैध नाही". कुठलीही टाका, तेच. बॅलन्स दिसतो, बाकी सगळं चालतं, फक्त तारीख नाही. हेल्पलाइनला फोन केला, म्हणाले काढून परत टाका. काढून परत टाकलं, अर्धा तास ओटीपीत गेला, परत तेच.

आणि तिसरा घोळ माझाच, माझा फोन इंग्रजी आणि त्यांचा मराठी, त्यामुळे ऑफिसातून सांगायचं तर कुठल्या शब्दावर दाबा ते मलाच माहीत नाही.

परत सगळं इंग्रजी करू का? बाबा नाही म्हणतायत. दुसरा काही मार्ग आहे का?

जुगाडू_अंधेरी

सिंपल आहे भाऊ. अ‍ॅपच्या माहितीत जायचं, स्टोरेज, क्लिअर डेटा मारायचा, अ‍ॅप पहिल्यापासून सुरू होतं आणि भाषा विचारतं. मी सगळ्याला हेच करतो.

लोअरपरळवाली

जुगाडू, अहो क्लिअर डेटा असं पटकन कोणाला सांगू नका हो. बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप असेल तर परत सिमवरून मेसेज जाऊन नंबर जोडायला लागतो, ते सिम त्याच फोनमधे पाहिजे, बॅलन्स पाहिजे. पिन जात नाही, तो बँकेकडे असतो, पण म्हाताऱ्या माणसाला परत सगळा प्रवास. आणि हाच सल्ला ऐकून उद्या कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर केला आणि बॅकअप नसेल तर सगळे चॅट गेले. एकदा माझ्या मामांचे गेलेत, नातवंडांचे फोटो होते त्यात, तीन महिने ऐकून घेतलंय मी. शिवाय इथे त्यांनी अ‍ॅप काढून परत टाकलंच आहे की, त्याने झालं नाही तर क्लिअर डेटाने काय वेगळं होणार.

भांडुप, तुमच्या तिसऱ्या घोळाचं मी सांगते, तो मी भोगलाय. आई साताऱ्याला असते, तिचा फोन मराठी. पहिले मी फोनवर सांगायचे "सेटिंगमधे सिस्टीमवर जा" आणि ती म्हणायची असं काही लिहिलेलंच नाहीये. शेवटी काय केलं, घरात माझा जुना फोन पडला होता, तिच्याच कंपनीचा, तो मराठी करून ठेवला. ती फोन करते तेव्हा मी तो हातात घेते आणि तिच्याबरोबर दाबत जाते. शब्द तेच दिसतात, जागा तीच. जुना फोन नसेल तर स्वतःचाच पाच मिनिटं मराठी करा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. एक लक्षात घ्या, भाषा बदलली तरी यादीतली जागा सहसा बदलत नाही, फोनबद्दलची माहिती शेवटी असेल तर शेवटीच राहते, त्यामुळे "खालून दुसरं" असं सांगितलेलं आईला जास्त कळतं. चित्रं पण तीच असतात, दातेरी चाक म्हणजे सेटिंग हे तिने पक्कं धरलंय.

आणि कोणी म्हणालं ना की स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाका, मी दुरून भाषा बदलून देतो, तर साफ नाही म्हणायचं. त्यात ओटीपी पण दिसतो. बाबांना हे आजच सांगून ठेवा.

बँकेच्या तारखेचं मात्र मला नाही कळलं, फोनची भाषा आणि तारीख ह्याचा काय संबंध?

कोडकरी

संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे :) अ‍ॅप बनवणं हाच धंदा आहे माझा त्यामुळे हा बग, म्हणजे कोडमधली चूक, वाचूनच ओळखला. पण आधी हिंदीचं सांगतो, ते सोपं आहे.

फोनमधे भाषा एक नसते, यादी असते. अँड्रॉइड ७ पासून म्हणजे २०१६ पासून असं आहे. सेटिंगमधे भाषांची यादी उघडा, मला खात्री आहे तिथे पहिलं मराठी, दुसरं हिंदी, तिसरं इंग्रजी असणार. अ‍ॅप उघडताना फोन विचारतो मराठी आहे का तुझ्याकडे, अ‍ॅप म्हणतं नाही, मग दुसऱ्या नंबरचं विचारतो, हिंदी आहे का, अ‍ॅप म्हणतं हो, झालं, हिंदी उघडलं. त्या अ‍ॅपवाल्यांनी मराठी केलेलंच नाहीये, फोन बिचारा त्याच्या परीने बरोबर वागतोय. इंग्रजीला बोटाने धरून वर ओढा, हिंदीच्या वर न्या, किंवा हिंदी नकोच असेल तर यादीतून काढून टाका. म्हणजे जिथे मराठी नाही तिथे इंग्रजी येईल.

ह्यात लोकांचा अजून एक गोंधळ होतो तो पण सांगून टाकतो. फोनची भाषा वेगळी, कीबोर्डची वेगळी आणि गूगल अकाउंटची वेगळी. एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. फोन मराठी केला तरी टायपिंग इंग्रजीच राहू शकतं, कीबोर्डच्या सेटिंगमधे मराठी वेगळं घालायला लागतं. बँकेचे एसएमएस तर बँकेकडच्या नोंदीप्रमाणे येतात, त्याला फोन काही करू शकत नाही.

आता तारीख. फोन मराठी केला की आकडे पण मराठी होतात, घड्याळात बघितलंत तुम्ही. गंमत म्हणजे फोन हिंदी केला तर आकडे इंग्रजीच राहतात. जगभरातल्या भाषांचे नियम, म्हणजे तारीख कशी लिहायची, आकडे कुठले, पैशाचं चिन्ह कुठे, ह्याची एक मोठी सामाईक नोंदवही आहे, सीएलडीआर म्हणतात, अँड्रॉइड तीच वापरतं. त्यात हिंदीला नेहमीचे आकडे इंग्रजी दिलेत आणि मराठीला देवनागरी. नेपाळीला पण देवनागरी आहेत, बंगालीला बंगाली.

आता अ‍ॅप बनवणाऱ्याने कोडमधे लिहिलेलं असतं की दिवस, महिना, वर्ष जोडून एक तारीख तयार कर आणि बँकेच्या सर्व्हरला पाठव. हे लिहिताना "आकडे इंग्रजीच ठेव" असं स्पष्ट सांगावं लागतं. नाही सांगितलं तर फोनची जी भाषा असेल त्या भाषेचे आकडे पडतात. बनवणाऱ्याचा फोन इंग्रजी, टेस्ट करणाऱ्याचा इंग्रजी, साहेबाचा इंग्रजी, सगळं व्यवस्थित चालतं, अ‍ॅप बाजारात येतं. मग भांडुपचे एक रिटायर कंडक्टर फोन मराठी करतात आणि सर्व्हरला तारीख जाते ०५-०३-२०२५ अशी देवनागरीत. सर्व्हरला ते आकडे म्हणजे कसलीतरी नक्षी. तो म्हणतो वैध नाही. बॅलन्स दिसतो कारण तिथे तुम्ही काही पाठवत नाही, फक्त वाचता.

हिंदीत टेस्ट केलं असतं तरी सापडलं नसतं, हे लक्षात घ्या. म्हणून हा बग मराठी माणसाला भेटतो, हिंदीवाल्याला नाही. नेपाळी, बंगाली, अरबी लोकांना पण भेटतो, ते वेगळं.

तुम्हाला अख्खा फोन इंग्रजी करायची गरज नाही. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, एकेका अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते. होम स्क्रीनवर बँकेच्या अ‍ॅपवर बोट दाबून धरा, छोटा गोल "आय" येतो, त्यात अ‍ॅपची माहिती, तिथे खाली "भाषा" असेल. इंग्रजी निवडा. फक्त तेवढं अ‍ॅप इंग्रजी होईल, बाकी फोन मराठीच. सगळ्या अ‍ॅपची एकत्र यादी सेटिंगमधे भाषांच्या पानावर पण असते, सॅमसंगवर जनरल मॅनेजमेंटमधे. करून सांगा.

माटुंगा_रोड

कोडकरी भारी समजावलंत. आकड्यांवरून आठवलं, माझा एक रूममेट होता चेन्नईचा, नवीन आलेला तेव्हा बसच्या कपाळावरचा मराठी चार बघून आठ समजून बसायचा. मग कोणीतरी सांगितलं की बाजूला दरवाज्याजवळ इंग्रजीत असतो तो बघ. पण वर्षभरात सगळे मराठी आकडे पाठ झाले त्याला, मुंबईत मराठी आकडे शिकवणारी सगळ्यात मोठी शाळा म्हणजे बेस्ट.

त्याच रूममेटची दुसरी गोष्ट. माझ्या भाचीने खेळता खेळता माझा फोन तमिळ करून टाकला, मला त्यातलं अक्षर कळेना. पण माटुंग्यात राहायचा हाच फायदा, खाली उतरलो, कॉफीवाल्या अण्णांना फोन दाखवला, त्यांनी गिऱ्हाईक सांभाळत दोन मिनिटात परत केला. अण्णा नसतील त्यांच्यासाठी, भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, मराठी हे "मराठी" असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे त्या यादीपर्यंत पोचलात की सुटलात. तिथपर्यंत पोचायला दुसऱ्या फोनवरून गूगल लेन्स धरायचं, स्क्रीनवरची अक्षरं भाषांतर होऊन दिसतात.

गिरगावचा_नाना

वाचतोय सगळं. मला एक कळत नाही, बँकेच्या अ‍ॅपमधे मराठी निवडलं तर त्यात "विवरण" काय, "लाभार्थी" काय, हे कोणाचं मराठी आहे? स्टेटमेंटला चांगला शब्द आहे खातेउतारा, आमच्या वेळी बँकेतला कारकून हाच शब्द वापरायचा. हिंदीवरून उचलून शेवटच्या काना मात्रा बदलल्या की झालं मराठी. त्यापेक्षा सरळ "स्टेटमेंट" लिहा, बाजारात भाजीवालीला पण कळतं.

अक्षरं पण बघा. आपला ल वेगळा, हिंदीचा वेगळा, श चं पण तेच. २००९ ला सरकारने आपला ल आणि श कसा काढायचा ते ठरवून शासन निर्णय काढला, पण बऱ्याच अ‍ॅपमधे अजून हिंदी वळणाचाच दिसतो.

आणि मी तर ऐकलं होतं की सरकारने फोनमधे मराठी सक्तीचं केलंय, मग ह्या तिकिटवाल्यांनी का नाही केलं?

कोडकरी

नाना, ते जे सक्तीचं आहे ते फोन बनवणाऱ्यांवर आहे, अ‍ॅपवाल्यांवर नाही. आयएस १६३३३ भाग ३ म्हणून मानक आहे. फोनवर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमधला मजकूर नीट दिसला पाहिजे, आणि टायपिंग इंग्रजी, हिंदी आणि अजून एका भारतीय भाषेत करता आलं पाहिजे. म्हणजे कोणी मराठीत मेसेज पाठवला तर चौकोन चौकोन दिसायचे नाहीत, एवढीच हमी. अ‍ॅपचे मेनू मराठीत करायचे का नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ल आणि श चं मात्र बरोबर पकडलंत. काही फाँटमधे दोन्ही वळणं भरलेली असतात, गूगलचा नोटो देवनागरी त्यातलाच, आणि मजकूर मराठी आहे असं त्याला सांगितलं तर मराठी वळण काढतो. सांगायचं बहुतेक जण विसरतात.

शब्दांचं म्हणाल तर आमच्याकडे भाषांतराला एक एक्सेल येते, त्यात नुसते सुटे शब्द, कुठल्या स्क्रीनवर आहे, बटण आहे का मथळा आहे काही कळत नाही. समोर फक्त "ऑर्डर" लिहिलंय, आता ती मागवायची ऑर्डर का क्रमवारी का हुकूम, भाषांतर करणाऱ्याने काय करावं? मी एकदा "क्लिअर" चं "स्वच्छ" झालेलं बघितलंय. फॉर्म स्वच्छ करा. बसा घासत.

डोंबिवली_फास्ट_७५२

मधेच विचारतो, आयफोनवर होतं का हे? बायकोला फक्त एकच अ‍ॅप इंग्रजी पाहिजे, फोन हिंदीत आहे तिचा. मला तो भाषेचा पर्यायच दिसत नाही.

लोअरपरळवाली

होतं, आयओएस १३ पासून आहे, २०१९ पासून. सेटिंगमधे त्या अ‍ॅपचं नाव शोधून उघडायचं, त्यात भाषा असते. पर्याय दिसत नाही म्हणजे फोनच्या भाषांच्या यादीत एकच भाषा असणार. जनरलमधे जाऊन भाषा आणि प्रदेश, तिथे इंग्रजी दुसरी म्हणून वाढवा, मग दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपचं पण तसंच. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमधे भाषा बदलता येते, आयफोनवर मात्र बाहेर येऊन फोनच्या सेटिंगमधून.

डोंबिवली_फास्ट_७५२

झालं! दिवा स्टेशन यायच्या आधी झालं. थँक्यू ताई.

भांडुप_पश्चिम

मंडळी रिपोर्ट देतो.

हिंदीचं एकदम बरोबर निघालं. यादीत दुसऱ्या नंबरला हिंदीच होतं, मीच घातलं होतं रविवारी, म्हंटलं असू दे, बाबा हिंदी बातम्या बघतात. आता कळतंय बातम्यांचा आणि त्याचा काही संबंध नाही. इंग्रजी वर ओढलं, तिकिटाचं अ‍ॅप इंग्रजी झालं. बाबा म्हणाले चालेल, तिकीट इंग्रजीत वाचायची सवय आहे.

पण बँकेचं काही जमलं नाही. अ‍ॅपच्या माहितीत भाषा म्हणून काही येतच नाही. सेटिंगमधली मोठी यादी उघडली, त्यात यूट्यूब आहे, मॅप आहे, सगळे आहेत, बँक नाही.

जुगाडू_अंधेरी

म्हणून म्हणत होतो क्लिअर डेटा 😄

कोडकरी

जुगाडू गप्प बसा :)

भांडुप, हे होणार असं मला वाटत होतंच. आम्हाला कुठल्या कुठल्या भाषा येतात ते अ‍ॅपने फोनला स्वतः सांगायचं असतं, कोडमधे एक छोटी फाइल असते त्यासाठी, ती दिलेली नसेल तर फोन त्या अ‍ॅपला यादीत घेतच नाही. पाच मिनिटांचं काम आहे, तेवढं पण केलेलं नाही त्यांनी. तारखेचा बग सोडणाऱ्यांनी हे नाही केलं ह्यात नवल नाही म्हणा.

दुसरा रस्ता आहे आणि तुमच्याकडे अँड्रॉइड १४ आहे हे नशीब. त्यात भाषांच्या पानावरच प्रादेशिक प्राधान्यं की काहीतरी अशा नावाचा भाग आलाय, फोनप्रमाणे नाव थोडं इकडे तिकडे असेल. आत तीन गोष्टी, तापमान सेल्सिअस का फॅरनहाइट, आठवडा कुठल्या वारापासून, आणि आकडे. त्या आकड्यांमधे गेलात की मराठीसाठी दोन पर्याय दिसतील, देवनागरी १२३ आणि इंग्रजी. इंग्रजी करा. भाषा मराठीच राहील, मेनू सगळे मराठी, फक्त आकडे इंग्रजी होतील, आणि बँकेचं अ‍ॅप तारीख तयार करताना तेच उचलेल. बदलल्यावर अ‍ॅप पूर्ण बंद करून परत उघडा. काही कंपन्यांनी हा भाग त्यांच्या सेटिंगमधे दिलेला नाही, पण बघा तर.

एक विनंती, बँकेला तक्रार करताना नुसतं "तारीख चालत नाही" असं लिहू नका, ते परत काढून टाकाच सांगतील. लिहा की फोनची भाषा मराठी असताना तारखेचे आकडे देवनागरीत जातात, भाषा इंग्रजी केली की चालतं. दोन्हीचे स्क्रीनशॉट जोडा. असं लिहिलेली तक्रार माझ्यासारख्या माणसापर्यंत पोचते आणि त्याला पहिल्या ओळीत कळतं. प्ले स्टोअरवरच्या रिव्ह्यूमधे पण टाका, तिथे उत्तर द्यायला माणसं बसवलेली असतात. हे कारणासकट कळवणारा दहा हजारात एक नसतो हो, बाकीचे भाषा परत इंग्रजी करून गप्प बसतात. मग मीटिंगमधे आम्हाला ऐकवतात की मराठी वापरतो कोण, आकडे बघा.

गिरगावचा_नाना

हे शेवटचं वाक्य मी छापून आणून भिंतीवर लावणार आहे.

परळ_व्हिलेज

मी पण ह्याच कारणाने आईचा फोन परत इंग्रजी केला होता मागच्या वर्षी, विजेच्या बिलाचं अ‍ॅप होतं. रक्कम टाकली की उडायचं, बंद व्हायचं. मला वाटलं फोनच खराब, दुकानात नेऊन दाखवला, त्याने रिसेट मारून दिला आणि पैसे घेतले. आज कळलं. आईचा अँड्रॉइड १२ आहे, मग तिला काय?

कोडकरी

१२ वर ह्यातली एकही सोय नाही, ना एकेका अ‍ॅपची भाषा ना आकडे. त्या अ‍ॅपच्या आतच भाषा बदलायचा पर्याय असेल तर इंग्रजी करून बघा, कधी आकडे पण बदलतात कधी नाही. नाहीतर बिल ब्राउझरमधून वेबसाइटवर भरा, फोन मराठी असला तरी तिथे तारखेचा आणि रकमेचा हा घोळ सहसा होत नाही. आणि फोनला १३ चं अपडेट आलंय का ते बघून घ्या, बऱ्याच जणांचं येऊन पडलेलं असतं, घरी वायफायवर टाकायचं राहून जातं.

भांडुप_पश्चिम

झालं एकदाचं. सांगतो.

काल रात्री आकड्यांचा भाग सापडला, इंग्रजी केले, बँकेचं अ‍ॅप बंद करून उघडलं, एक तारीख ते तीस तारीख टाकली आणि स्टेटमेंट आलं. पीडीएफ सकट. बाबांनी पेन्शनची ओळ बोट ठेवून वाचली. मी कोडकरींनी सांगितलं तशी तक्रार पण लिहिली, दोन्ही स्क्रीनशॉट जोडले, त्यांचं "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" आलंय, बघू.

पण सकाळी उठलो तर बाबा तोंड पाडून बसलेले. म्हंटलं काय झालं, तर घड्याळ दाखवलं. इंग्रजी आकडे. "माझी पाटी काढून टाकलीस की रे." मी समजावलं की बँकेसाठी असं असं करायला लागतं, त्या अ‍ॅपला मराठी आकडे कळत नाहीत. त्यावर म्हणाले, "स्टेटमेंट महिन्यातून एकदा बघतो, घड्याळ दिवसातून शंभर वेळा. कुणासाठी बदलायचं?"

मला काही बोलताच आलं नाही. मग त्यांनीच मला बसवून कुठे कुठे दाबायचं ते विचारलं, आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिहून घेतलं, दातेरी चाक, खालून दुसरं, मग तिसरं असं. आता दर महिन्याच्या पाच तारखेला ते स्वतः आकडे इंग्रजी करणार, खातेउतारा काढणार (नाना, हा शब्द त्यांचाच, मी काही सांगितलं नव्हतं) आणि परत मराठी करणार. आज एकदा माझ्यासमोर करून दाखवलं, पहिल्या वेळी तापमान बदललं, फोनवर एकशे चार डिग्री दिसलं तेव्हा दोघंही दचकलो. दुसऱ्या वेळी बरोबर.

आज दिवसभरात एकच फोन आला त्यांचा, येताना कोथिंबीर आण म्हणून.